काटा शून्यावर: होतकरू निदानकर्त्यांसाठी मार्गदर्शिका

कोणासाठी

गाडी साठच्या वेगाने चालली आहे, बाजूची झाडे मागे पळताहेत आणि मीटरचा काटा मात्र शून्यावरून हलायला तयार नाही, अशा मालकांसाठी ही मार्गदर्शिका लिहिली आहे. ज्यांचा काटा चाळीस आणि नव्वदच्या मध्ये अंगात आल्यासारखा घुमतो, त्यांनाही ती चालेल. स्वतःच्या गाडीला काहीच झालेले नाही, पण शेजाऱ्याच्या गाडीला झाले आहे आणि त्याला सल्ला दिल्याशिवाय घास उतरणार नाही, असा तिसरा वर्ग सर्वांत मोठा. त्यांच्यासाठी पुढे स्वतंत्र प्रकरण राखून ठेवले आहे.

पूर्वज्ञान लागत नाही. बॉनेट उघडता आले की झाले. बॉनेटचा खटका बहुधा स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ असतो आणि पेट्रोलच्या टाकीचा सीटशेजारी, खाली. पहिल्या प्रयत्नात टाकी उघडली तर खचून जाऊ नका, दुसरा खटका ओढा.

नमुन्यादाखल एक दहा-बारा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक घेतली आहे. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, हाताने टाकायचे गिअर, एबीएस नाही. कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही. दिले तर बाकीच्या कंपन्यांचे गाडीमालक ‘आमच्यात असं होत नाही’ म्हणून इथेच पान मिटतील.

आधी थोडा इतिहास (घाईत असणाऱ्यांनी गाळावा)

पद्मिनी, अ‍ॅम्बॅसिडर, सुरुवातीची मारुती ८०० या गाड्यांत गिअरबॉक्समधून एक केबल निघायची आणि थेट मीटरच्या पाठीत शिरायची. केबलच्या टोकाचे लोहचुंबक अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत फिरे. ते वाटीला शिवत नसे, पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे उठत आणि वाटी त्याच्या मागे ओढली जाई. एक बारीक स्प्रिंग तिला उलट खेची. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. ओट्टो शुल्झे या जर्मन गृहस्थांनी १९०२ साली याचे पेटंट घेतले आणि पुढची कित्येक दशके जगाचे त्यावर भागले. केबलचे ग्रीस वाळले की ती डॅशबोर्डमागे किरकिरायची आणि काटा नाचायचा. तुटली की काटा पडायचा. निदान ड्रायव्हरच्या कानानेच व्हायचे, ऐंशी टक्के कौशल्य केबलला शिव्या देण्यात होते.

मग केबल गेली आणि तिच्या जागी गिअरबॉक्सवर अंगठ्याएवढा काळा सेन्सर आला. त्याच्या खालच्या टोकाला बहुधा प्लास्टिकचे छोटे दातेरी चाक असते. गाडीची चाके फिरली की ते फिरते, त्याच्यासोबत आत चुंबक फिरतो, आणि हॉल इफेक्टवर चालणारी एक चिप त्या चुंबकाची चाहूल घेऊन विजेचे ठोके देते. एडविन हॉलने हा परिणाम १८७९ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकत असताना शोधला. तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती, त्यामुळे या बिघाडासाठी त्याला जबाबदार धरता येणार नाही.

हिशोब सोपा आहे. जपानी मानकाप्रमाणे मीटरचा दांडा एका किलोमीटरला ६३७ फेऱ्या घेतो आणि एका फेरीला सेन्सर चार ठोके देतो. म्हणजे किलोमीटरला २५४८ ठोके. साठच्या वेगाने मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण बेचाळीस. हा बेचाळीसचा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

या ठोक्यांवर नुसता काटा जगत असता तर प्रश्न नव्हता. पण कोणत्याही घरात एक कमावता असला की खाणारी तोंडे वाढतातच. ओडोमीटर त्यावर. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, गाडी थांबायला आली की आयडलिंग सांभाळतो ते त्यावर. इलेक्ट्रिक स्टिअरिंग पार्किंगमध्ये हलके आणि हायवेवर जड होते ते त्यावर. वीसच्या पुढे दारांची कुलुपे आपोआप लागतात तीही त्यावर. म्हणून हा एक सेन्सर रुसला की सिग्नलला थांबताना गाडी बंद पडते, स्टिअरिंगचा दिवा लागतो, दारे उघडीच राहतात, आणि मालक चार वेगवेगळ्या दुकानांत चार वेगवेगळी बिले भरून येतो. गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअरही धक्के देत पडू लागतात, आणि ते बिल पाचवे.

पायरी पहिली: सेन्सर विकत घेऊ नका

नवशिक्याला सर्वांत अवघड जाणारी पायरी हीच. काटा पडला, इंटरनेटवर पाहिले, ‘स्पीड सेन्सर’ असे भारदस्त नाव मिळाले. आता एवढे नाव मिळाल्यावर माणूस स्वस्थ कसा बसेल? तो पुण्याचा असेल तर नाना पेठ गाठतो. तिथला संवाद ठरलेला आहे.

“स्पीड सेन्सर पाहिजे.”

“गाडी कुठली?”

तुम्ही सांगता.

“साल? पेट्रोल का डिझेल? दोन पिनी का तीन पिनी?”

इथे तुम्ही फोन काढता आणि घरी विचारायचे ठरवता. घरी कोणाला माहीत असणार, हे लक्षात येऊन फोन पुन्हा खिशात ठेवता.

“जुना आणलाय का?”

“नाही.”

“मग साहेब, जुना घेऊन या ना. मॅच करून देतो.”

दुकानदार शहाणा आहे, त्याचे ऐका. पण तुम्ही ऐकणार नाही. “दाखवा तरी” म्हणाल, तो दोन डबे काढेल: एक ओरिजिनल आणि एक ‘ओरिजिनलच आहे, फक्त डबा नाही’. तुम्ही दुसरा घ्याल. निघताना काउंटरमागच्या भिंतीवरची पाटी दिसेल: इलेक्ट्रिकल माल परत घेतला अथवा बदलून दिला जाणार नाही. ही पाटी लिहिणाऱ्याला वाहनांच्या निदानाचा इतिहास पुरता ठाऊक आहे. लोक सेन्सर नेतात, लावतात, काटा तसाच. मग तोच सेन्सर घेऊन परत येतात आणि “हा खराब निघाला” म्हणतात. सेन्सर चांगला असतो. जो काढून ठेवला तोही चांगलाच असतो. बिघाड असतो मधल्या वीतभर वायरीत, आणि वायर डब्यात घालून विकायला कुठल्याच दुकानात ठेवलेली नसते.

पायरी दुसरी: मुळात सेन्सर आहे का?

विनोद नाही. एबीएस असलेल्या बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सवर वेगळा स्पीड सेन्सर ठेवलेलाच नसतो. एबीएसला चारही चाकांचा वेग कळावाच लागतो, म्हणून प्रत्येक चाकापाशी एकेक सेन्सर असतो. त्यांनी मोजलेला वेग दोन वायरींच्या जोडणीवरून मीटरला कळवला जातो. एप्रिल २०१९पासून आपल्याकडच्या सगळ्या नव्या मोटारींत एबीएस सक्तीचे झाले, तेव्हा नवी गाडी असणाऱ्यांनी गिअरबॉक्सभोवती टॉर्च घेऊन घिरट्या घालण्याआधी हे तपासावे. अशा गाडीत काटा पडताना एबीएसचा पिवळा दिवाही सोबत लागला तर शोध चाकापाशी घ्यायचा: तिथली वायर, चिखल, बेअरिंग. हे प्रकरण वेगळे आहे आणि या मार्गदर्शिकेच्या लेखकाला आज तिकडे जायचे नाही.

पायरी तिसरी: फ्यूज

बघा. मीटरचा आणि ईसीयूचा. गेला असेल तर बदला. पुन्हा गेला तर तिसरा लावू नका आणि तारेचा तुकडा तर अजिबात नको. कुठेतरी वायर बॉडीला टेकते आहे, ती शोधा.

सल्लागार मंडळ

बॉनेट वर गेले की सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाच मिनिटांत माणसे जमतात. याला निमंत्रण लागत नाही. पहिले येतात ते काका. दोन्ही हात मागे बांधून ते इंजिनाकडे बघतात आणि म्हणतात, “बॅटरीचं टर्मिनल काढ. दहा मिनिटांनी लाव. सगळं रिसेट होतं.”

“काका, आधी कोड वाचून घेतो.”

“अरे, कोडबिड नंतर. आमच्या फियाटला कुठे होता कोड?”

इथे नम्र राहा, पण टर्मिनलला हात लावू देऊ नका. बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत ईसीयूच्या स्मरणातले बिघाडाचे कोड पुसले जातात. बिघाड कोणत्या क्षणी झाला, तेव्हा इंजिन किती आरपीएमवर होते, किती तापले होते, ही त्या क्षणाची नोंदही जाते. पंचनाम्याआधीच जागा धुवून काढल्यावर पोलिसांनी काय शोधायचे?

दुसरे सदस्य म्हणतात, “उंदीर असणार.” यांच्याकडे लक्ष द्या. पावसाळ्यात उंदीर गरम इंजिनाच्या आसऱ्याला येतात आणि वायरींवर दात घासतात. या मंडळातला हा एकमेव सदस्य अनेकदा बरोबर ठरतो. मात्र बॉनेटखाली तंबाखूची पुडी बांधायचा त्यांचा उपाय ऐकल्यावर मान डोलवून विषय बदला. उंदराने कुरतडलेली वायर तंबाखूने जुळत नाही.

तिसरे सदस्य म्हणतात, “विकून टाक.” हे प्रत्येक गाडीबद्दल हेच म्हणतात.

आणि एक चौथा असतो, तो मोठ्याने काही बोलत नाही. तो बाजूला घेऊन विचारतो, “किलोमीटर वाढत नाहीयेत ना? मग दुरुस्त कशाला करतोस? विकताना बरंच की.” याला गाडी विकू नका, आणि याच्याकडून तर घेऊच नका. जुन्या बाजारात कमी किलोमीटर फिरलेल्या ज्या गाड्या दिसतात, त्यांतल्या काही खरेच कमी फिरलेल्या असतात. काहींच्या स्पीड सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरीचा जोड, मालकाने प्रेमाने काढून ठेवलेला असतो. कमी किलोमीटरच्या गाडीत ब्रेक पेडलचे रबर गुळगुळीत झालेले दिसले तर काय ते समजा.

पायरी चौथी: तीन साक्षीदार

खरे निदान इथे होते आणि त्यासाठी हात काळे करावे लागत नाहीत, म्हणून गॅरेजवाले ही पायरी सर्वांत आधी गाळतात.

पहिला साक्षीदार काटा. दुसरा ओडोमीटर. तिसरा स्कॅनर. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. २०१३नंतरच्या आपल्याकडच्या मोटारींत ते असतेच. त्यात ब्लूटूथवाला छोटा ईएलएम ३२७ खुपसला की फोनवर कोड वाचता येतात आणि ईसीयूला या क्षणी कोणता वेग दिसतो आहे तेही. गाडी चालवताना फोन शेजारच्याच्या हातात द्या. स्कॅनरच्या नादात डिव्हायडरवर चढलेल्या गाडीचे निदान या मार्गदर्शिकेत दिलेले नाही.

आता तिघांच्या जबान्या ताडून पाहा. काटा पडलेला, पण ओडोमीटरचा आकडा पुढे सरकतो आहे? सेन्सर निर्दोष. ठोके मीटरपर्यंत पोचताहेत, मीटरमधली काट्याची छोटी मोटर किंवा तिचे सोल्डरिंग गेले आहे. मीटर दुरुस्त करणारा शोधा. काटा आणि ओडोमीटर दोन्ही मेलेले, पण स्कॅनरमध्ये चाळीस म्हणजे चाळीस बरोबर दिसतात? सेन्सर पुन्हा निर्दोष. मीटर किंवा मीटरकडे जाणारी वायर. तिघेही शून्य? आता कुठे सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. पण एकट्या सेन्सरवर नाही. त्याचा कपलर, त्याला जाणारा करंट, त्याचे अर्थिंग आणि मधली वायर असे चार सहआरोपी आहेत.

एक गोम आहे. काही गाड्यांत सेन्सरची वायर आधी ईसीयूकडे जाते आणि तिथून मीटरकडे. काहींत उलटे: आधी मीटर, मग ईसीयू. दुसऱ्या प्रकारात मीटरच बिघडला तर ईसीयूलाही वेग दिसत नाही, तिघेही शून्य सांगतात आणि बिचारा सेन्सर गिअरबॉक्सवर बसून इमानाने ठोके देत असतो. म्हणून तुमच्या गाडीचा वायरिंग डायग्राम मिळवा. तो समजला नाही तरी चालेल, सेन्सरची वायर कुठे जाते एवढे बोट ठेवून पाहा.

बहुतेकांना स्कॅनरवर पी०५०० दिसेल. पी०५०१ म्हणजे सिग्नल येतो आहे पण पटण्याजोगा नाही, पी०५०२ म्हणजे फार कमी, पी०५०३ म्हणजे तुटक किंवा बेभरवशाचा. गंमत अशी की पी०५०० हा कोड ‘सेन्सर गेला’ असे कुठेच म्हणत नाही. ईसीयू बघतो की इंजिन बराच वेळ तीन हजार आरपीएमवर आहे, त्याच्यावर भार आहे, आणि वेग मात्र शून्य येतो आहे. हे काही त्याला पटत नाही, म्हणून तो तक्रार नोंदवतो. तक्रार सेन्सरच्या सर्किटबद्दल आहे. तरी गॅरेजमध्ये कोड वाचून पोरगा ओरडतो, “शेठ, सेन्सर गेलाय!” आणि शेठ पार्ट मागवतात.

काटा चालतो, पण फोनपेक्षा कमी वेग दाखवतो अशी तक्रार असेल तर टायर पाहा. १५५/८० आर १३ काढून १६५/८० आर १४ लावले की चाकाचा घेर सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. चाक एका फेरीत जास्त अंतर कापते आणि काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी चौसष्टने जात असते. हा बिघाड अ‍ॅलॉय व्हीलच्या दुकानातून विकत आणलेला असतो.

पायरी पाचवी: कपलर

आमच्या नमुन्याच्या गाडीत सेन्सर गिअरबॉक्सच्या मागच्या अंगाला, एअर फिल्टरच्या डब्याखाली लपलेला असतो. डबा काढा. तीन वायरींचा एक कपलर दिसेल. त्याची जीभ दाबून कपलर ओढायचा असतो. वायरी धरून ओढला तर नवा बिघाड निर्माण होतो आणि तो आधीच्या बिघाडाशी बेमालूम जुळतो.

कपलर हाताला लागलाच नाही, नुसताच लोंबकळताना दिसला, तर एक प्रश्न स्वतःला विचारा: गाडी अलीकडे क्लच प्लेटसाठी उघडली होती का? गिअरबॉक्स खाली उतरवताना हा कपलर काढावाच लागतो आणि परत लावायला हमखास राहतो. लावा, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या गाळा. अभिनंदन.

जागेवर असेल तर काढून आत पाहा. पिनांवर हिरवट थर चढला असेल, तर इंजिन धुताना किंवा पावसात पाणी शिरले आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, दोन-तीनदा लावून-काढून बघा. आत ऑइल भरले असेल तर सेन्सरचे सील गेले आहे आणि तेव्हा मात्र सेन्सर बदलण्याला पर्याय नाही. एखादी पिन मागे सरकलेली आहे का तेही पाहा. बाहेरून कपलर घट्ट बसलेला दिसतो आणि आत पिनेला पिन शिवतच नाही. शेवटी वायर धरून कपलरपासून मागे सरकत जा, हलकेच वाकवा, बोटाने चाचपा. इन्सुलेशनच्या आत वायर तुटली असेल तर तिथे बोटाला मऊ लागते. ही एक गोष्ट स्कॅनरला कळत नाही, बोटाला कळते.

पायरी सहावी: मल्टिमीटर

पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारा स्वस्तातला मल्टिमीटरही या कामाला पुरतो. महागडा घेतला तर तो दोन दशांश जास्त दाखवेल आणि तुमचा गोंधळ तेवढाच अचूक होईल. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. कपलर काढलेला असू द्या. डीसी व्होल्ट, वीसच्या रेंजवर.

तीन वायरींपैकी एक करंटची: बॅटरीच्या निगेटिव्हला काळी प्रोब, लाल प्रोब या पिनेला, सुमारे १२ व्होल्ट, काही गाड्यांत ५. दुसरी अर्थिंगची: आता लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळी या पिनेला, पुन्हा १२ यायला हवेत, दहा आले तर अर्थिंगला गंज. तिसरी सिग्नलची: इथे ईसीयू किंवा मीटर स्वतःकडून बहुधा ५ व्होल्ट सोडून ठेवतो आणि सेन्सर ती वायर अर्थिंगला टेकवून-सोडून ठोके देतो. करंट किंवा अर्थिंग आले नाही तर सेन्सरला बोल लावायचा नाही. त्याला वीजच मिळालेली नाही. सिग्नलवर काहीच व्होल्टेज नसेल तर वायर मध्ये तुटली आहे किंवा ती ज्याच्याकडे जाते ते बिघडले आहे.

तिन्ही ठीक निघाल्या, तर वाकबगार वायरमन पुढची करामत करतात. कपलरमधली सिग्नलची वायर एका जोडवायरीने अर्थिंगला भराभर टेकवायची आणि सोडायची. म्हणजे सेन्सरचे काम हाताने करायचे. माणसाचा हात सेकंदाला सात-आठदा चालतो. बेचाळीसला साठ, या हिशोबाने आठला अकरा-बारा किलोमीटर. उभ्या गाडीत स्कॅनरवर दहा-अकराचा वेग उमटला की सेन्सर सोडून बाकी सगळी यंत्रणा जिवंत आहे हे सिद्ध झाले. मात्र वायर ओळखण्यात चूक होऊन करंटची वायर अर्थिंगला टेकवली तर पायरी तिसरीकडे परत जावे लागेल. खात्री नसेल तर हा खेळ वायरमनला खेळू द्या आणि आपण शेजारी उभे राहून काकांसारखे हात मागे बांधा.

दोन पिनी सेन्सर असेल तर त्यात चिप नसते, नुसती तारेची गुंडाळी असते. तो स्वतःच एसी वीज तयार करतो. त्याला डीसीवर तपासून ‘शून्य येतंय’ म्हणू नका. रोध मोजा, काही शे ते दोन-एक हजार ओहमच्या आसपास यावा. मल्टिमीटरने रोध अनंत दाखवला तर गुंडाळी तुटली.

पायरी सातवी: सेन्सर बाहेर काढणे

सेन्सरभोवतीचा चिखल आधी ब्रशने आणि फडक्याने पुसा. तो भोकातून गिअरबॉक्समध्ये पडला तर तिथून बाहेर काढायला कुठलीही मार्गदर्शिका नाही. दहा नंबरच्या पान्याने एक बोल्ट सोडा. सेन्सर डावीकडे-उजवीकडे किंचित फिरवत वर ओढा. ओरिंग चिकटलेली असते, म्हणून तो आधी येणार नाही म्हणतो आणि मग एकदम येतो. कोपर मागे कुठे लागेल ते आधी बघून ठेवा.

हातात आला की खालचे प्लास्टिकचे दाते पाहा. एखाद्याच बाजूचे झिजले असतील तर काटा का नाचत होता ते कळले. दाते शाबूत असतील तर या सगळ्या खटाटोपातला सर्वांत सुंदर प्रयोग करा. कपलर सेन्सरला परत लावा, सेन्सर हातातच ठेवा, चावी ऑन करा आणि घरातल्या एखाद्या मुलाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवा. आता ते चाक अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून भर्रकन फिरवा. बोटांना ऑइल लागते, चाक निसटते, पुन्हा धरायचे, पुन्हा फिरवायचे. आतून आवाज येतो, “हलला! थोडासा हलला!” काटा पाच-सातपर्यंत उठून पडतो. सेन्सर जिवंत. वायर जिवंत. मीटर जिवंत. मग गाडीत तो का चालत नव्हता? गिअरबॉक्समधले जोडीचे चाक टॉर्चने पाहा, दाते एकमेकांत अडकताहेत का ते पाहा.

काहीच हलले नाही आणि सहाव्या पायरीत तिन्ही वायरी ठीक होत्या? मग हो, सेन्सर गेला. तोच खिशात घालून नाना पेठेत जा. या वेळी पिनी किती ते तुम्हाला माहीत आहे.

ज्यांना सेन्सर काढायचा नाही त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दगड लावावेत आणि पुढचे एक चाक जॅकवर उचलावे. कपलर जागेवर ठेवून सिग्नलच्या वायरीत मागून टाचणी सरकवायची, मल्टिमीटर तिला लावायचा आणि चाक हाताने सावकाश फिरवायचे. व्होल्टेज शून्य, पाच, शून्य, पाच असे बदलले पाहिजे. घाई नको. एकच चाक फिरत असल्याने डिफरन्शियल निम्म्यानेच फिरते आणि चाकाच्या एका पूर्ण फेरीत ठोके जेमतेम दोन येतात. अर्धीच फेरी फिरवून ‘सेन्सर मेला’ असा निकाल देणारे बरेच आहेत. जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका, आणि चाक वर असताना इंजिन चालू करून गिअर टाकायची कल्पना सुचली तर ती बोलून दाखवू नका. मंडळातला कोणीतरी लगेच “टाक, टाक” म्हणेल.

तोपर्यंत गाडी चालवायची कशी

फोनवरचा जीपीएस वेग पुरेसा अचूक असतो, फक्त बोगद्यात तो आंधळा होतो. द्रुतगती मार्गावर मोटारींना वेगमर्यादा आहे आणि कॅमेऱ्यांना तुमचा काटा पडल्याचे कारण चालत नाही. आरपीएमचा काटा असेल तर त्यावरून अंदाज बांधता येतो: पाचव्या गिअरमध्ये ठरावीक आरपीएमला वेग ठरलेलाच असतो. पाच-सहा आकडे कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा.

शेवटची पायरी: चाचणी फेरी

स्कॅनरने कोड पुसा, नाहीतर चेक इंजिनचा दिवा काही फेऱ्या तसाच राहील आणि तुम्ही पुन्हा बॉनेट उघडाल. ओरिंगला ऑइलचे बोट लावून सेन्सर बसवा, एअर फिल्टरचा डबा लावायला विसरू नका. फोन शेजारी ठेवून मोकळ्या रस्त्यावर फेरी मारा. फोन ऐंशी दाखवेल आणि काटा तीन-चारने पुढे असेल. पुन्हा घाबरून जाऊ नका. आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवायचे नाही. जास्त दाखवायला खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक चार किलोमीटर एवढी सूट आहे. खरा वेग ऐंशी असताना काटा ब्याण्णववर गेला तरी तो कायद्यात बसतो. कंपन्या या सवलतीचा थोडा लाभ घेतात आणि आपण शंभरने गेलो म्हणून घरी सांगतो.

आता सर्व्हिसची वही काढा. काटा पडल्यापासून आजपर्यंत गाडी जेवढी चालली, तेवढी ओडोमीटरने मोजलेली नाही. ऑफिसच्या फेऱ्या, कोकणची एखादी खेप असे आठवून अंदाजाने बेरीज मारा, आकड्यापुढे ‘अंदाजे’ लिहा आणि पुढचे ऑइल तेवढे किलोमीटर आधी बदला.